नेस्कॅक म्हणजे काय रे भाऊ? अमेरिकेतल्या अकरा छोट्या कॉलेजांची ही भानगड नवख्याने कशी समजून घ्यावी

मागच्या वर्षी माझ्या भाच्याला, पुण्यात टेनिस खेळतो तो, मेन राज्यातल्या एका नेस्कॅकवाल्या कॉलेजच्या कोचचं मेल आलं आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर दोन दिवस नुसता गोंधळ. डिव्हिजन थ्री हे शब्द वाचून काकांनी लिहिलं, "तिसऱ्या दर्जाचं दिसतंय", आणि ज्या कन्सल्टंटकडे ताईने बक्कळ फी भरली होती (नाव नको) त्यानेही सांगितलं की इथे स्पोर्ट्स स्कॉलरशिप मिळवून देतो, काळजी करू नका. दोघंही साफ चुकीचे. मी कनेक्टिकटमध्ये पंधरा वर्षं राहतोय, शनिवारी दुपारी काही काम नसलं की या कॉलेजांच्या मॅच बघायला जाऊन बसतो, त्यामुळे ताईला फोनवर जे तुकड्यातुकड्याने सांगितलं ते इथे एकदाच नीट लिहून टाकतो. मुलगा-मुलगी खेळणारी असो नाहीतर नुसतीच नवीन गावात बदली होऊन आलेली माणसं असा, उपयोग होईल.

पायरी १ : डिव्हिजन आणि कॉन्फरन्स, आधी हे दोन शब्द वेगळे करा

अमेरिकेत कॉलेजच्या खेळांचा कारभार एनसीएए नावाची संस्था बघते आणि १९७३ मध्ये तिने कॉलेजांचे तीन डिव्हिजन पाडले. हे रणजीच्या एलिट-प्लेटसारखं नाही, की जिंकलात तर वर आणि हरलात तर खाली. फरक पैशाचा आणि पसाऱ्याचा आहे. डिव्हिजन वन आणि टूमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप देता येते, थ्रीमध्ये एक पैसाही देता येत नाही. आणि थ्री हाच सगळ्यात मोठा डिव्हिजन आहे, चारशेच्या वर कॉलेजं, त्यात अगदी साधी कॉलेजं आहेत तशी जिथे प्रवेश मिळणं महाकठीण अशीही आहेत.

कॉन्फरन्स म्हणजे त्या डिव्हिजनमधला आपापसात खेळणारा गट. आपल्याकडे अंतरमहाविद्यालयीन स्पर्धांना विद्यापीठ झोन पाडून देतं आणि कॉलेजं मुकाट खेळतात, इथे कॉलेजंच जमून ठरवतात की पंक्तीला कोणाला बसवायचं आणि पंक्तीचे नियम काय. न्यू इंग्लंड स्मॉल कॉलेज ॲथलेटिक कॉन्फरन्स, म्हणजे नेस्कॅक, हा त्यातलाच एक गट (न्यू इंग्लंड म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातली सहा राज्यं). आणि याची खरी गंमत अशी की हा गट जास्त खेळता यावं म्हणून जमलेला नाही, तर एकमेकांना आवर घालायला जमलेला आहे. हे एक वाक्य डोक्यात ठेवलं की पुढच्या सगळ्या विचित्र वाटणाऱ्या नियमांचा अर्थ आपोआप लागतो.

पायरी २ : अकरा नावं आणि त्यांचे उच्चार

हे आधी करा, नाहीतर माझ्यासारखी फजिती होते, मी दोन वर्षं सगळ्यांसमोर "बाऊडॉइन" म्हणत होतो. ते बोडन आहे. ॲमर्स्टमधला ह बोलायचा नाही. विल्यम्सच्या टीमला ईफ्स म्हणतात, एफ्स नाही, संस्थापक इफ्राइम विल्यम्सच्या नावावरून आलंय ते. देवनागरीत लिहून फ्रिजवर चिकटवा, इंग्रजी स्पेलिंगपेक्षा बरं पडतं.

नकाशा उघडा आणि वरून खाली या. मेन राज्यात तीन : वॉटरव्हिलचं कोल्बी, लुइस्टनचं बेट्स, ब्रन्सविकचं बोडन. व्हरमाँटमध्ये मिडलबरी. मॅसॅच्युसेट्समध्ये विल्यम्स, ॲमर्स्ट आणि बॉस्टनला खेटून टफ्ट्स. कनेक्टिकटमध्ये आमच्या हार्टफर्डचं ट्रिनिटी, मिडलटाउनचं वेस्लियन आणि न्यू लंडनचं कनेक्टिकट कॉलेज. आणि अकरावं हॅमिल्टन, जे न्यू इंग्लंडमध्ये नाहीच मुळी, न्यूयॉर्क राज्यात क्लिंटन नावाच्या गावात आहे. तिथून कोल्बीला बसने जायचं म्हणजे सातेक तासांचा प्रवास, हे पुढे कामाला येईल.

टफ्ट्स नावाने युनिव्हर्सिटी आहे आणि बाकीच्यांच्या मानाने मोठी, वेस्लियनही युनिव्हर्सिटीच म्हणवते, पण बाकी सगळी दोन-तीन हजार पोरांची कॉलेजं आहेत. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या कॉलेजच्या अकरावी-बारावीत तेवढी पोरं असतात.

आपल्या लोकांसाठी एक सांगतो जे मला स्वतःला उशिरा कळलं. १८१३ मध्ये मुंबईत अमेरिकन मराठी मिशन सुरू करणाऱ्यांपैकी गॉर्डन हॉल हा विल्यम्स कॉलेजचाच पदवीधर. तो १८२६ मध्ये वारला तो नाशिककडच्या दौऱ्यावर असताना. म्हणजे आमच्यातलं कोणी तिथे शिकायला जायच्या कितीतरी आधी तिथला माणूस इकडे येऊन मराठी शिकून गेला होता.

पायरी ३ : इतिहास, पण फक्त जेवढा लागतो तेवढा

सुरुवात भांडणापासून करायची. १८२१ मध्ये विल्यम्सचे अध्यक्ष झेफनाया स्विफ्ट मूर काही विद्यार्थी घेऊन निघून गेले आणि ॲमर्स्ट कॉलेजचे पहिले अध्यक्ष झाले. जाताना लायब्ररीतली पुस्तकंही पळवली अशी दंतकथा आहे, विल्यम्सवाले ती अजून चवीने सांगतात. मग १ जुलै १८५९ ला ही दोन कॉलेजं पिट्सफील्डला बेसबॉल खेळली, कॉलेज-कॉलेजमधली अमेरिकेतली पहिली मॅच ती. एका बाजूला तेरा-तेरा खेळाडू, स्कोअर ७३-३२, ॲमर्स्ट जिंकलं. त्याला जोडून बुद्धिबळाचा सामनाही ठेवला होता आणि तोही ॲमर्स्टनेच मारला. मला हा तपशील फार आवडतो, बॅट आणि प्यादं एकाच दौऱ्यात.

पण बाकी अमेरिकेत कॉलेज फुटबॉल (चेंडू हातात घेऊन धावायचं ते अमेरिकन फुटबॉल, आपल्या फुटबॉलला इथे सॉकर म्हणतात) म्हणजे हळूहळू धंदा होत गेला, प्रचंड स्टेडियम, खेळाडूंना आमिषं, आणि या छोट्या कॉलेजांना वाटायला लागलं की आपण पण त्या शर्यतीत ओढले जाणार. एकट्याने थांबावं तर शेजारचा पुढे जाणार, म्हणून सगळ्यांनी मिळून थांबायचं. १९५५ मध्ये ॲमर्स्ट, बोडन, वेस्लियन आणि विल्यम्स या चौघांनी खेळ कसे चालवायचे यावर एक करार केला. त्याचंच वाढलेलं रूप म्हणजे १९७१ मध्ये झालेलं नेस्कॅक. एनसीएएच्या डिव्हिजन थ्रीपेक्षाही हे दोन वर्षांनी जुनं आहे, लोक उलटं समजतात.

आणि आता ऐका, ही कॉन्फरन्स झाली तरी बरीच वर्षं तिची स्वतःची चॅम्पियनशिपच नव्हती! टेबल नाही, कप नाही, नुसते नियम. १९९३-९४ पर्यंत टीमला एनसीएएच्या राष्ट्रीय स्पर्धेतही जाता येत नव्हतं, एखादा धावपटू किंवा स्विमर एकटा जाऊ शकायचा पण टीम नाही, कारण परीक्षा असतात. मग आधी प्रयोग म्हणून ती दारं उघडली आणि १९९९-२००० च्या सीझनपासून कॉन्फरन्सच्या स्वतःच्या चॅम्पियनशिप सुरू झाल्या. आज पंचवीसच्या वर खेळांमध्ये आहेत.

पायरी ४ : कोण आत, कोण बाहेर

मेंबरशिपची यादी फार बदललेली नाही आणि म्हणूनच जे तीन बदल झाले ते लक्षात ठेवा, कॉन्फरन्सचा स्वभाव त्यातून कळतो.

१९७१ च्या अकरा जणांत न्यूयॉर्कचं युनियन कॉलेज होतं. त्यांना आइस हॉकीत नाव काढायचं होतं, मोठा कोच आणला, आणि नेस्कॅकचा नियम असा की कोचने कॅम्पसबाहेर जाऊन पोरं गोळा करायची नाहीत. यावरून वाजलं आणि १९७७ मध्ये युनियन बाहेर पडलं. पुढे त्यांची हॉकी टीम डिव्हिजन वनमध्ये गेली आणि २०१४ मध्ये फायनलला मिनेसोटासारख्या अवाढव्य युनिव्हर्सिटीला ७-४ ने हरवून राष्ट्रीय विजेती झाली. त्यांच्या बाजूने बघितलं तर निर्णय बरोबरच ठरला की! आणि नेस्कॅकच्या बाजूने बघितलं तरी बरोबरच, ज्याला धावायचंय त्याने बाहेर जाऊन धावावं.

रिकाम्या जागी १९८२ मध्ये कनेक्टिकट कॉलेज आलं. याची जन्मकथा अशी की वेस्लियनने मुलींना प्रवेश देणं थांबवलं म्हणून १९११ मध्ये मुलींसाठी हे वेगळं कॉलेज निघालं, १९६९ पासून मुलंही आली. आणि आता ते वेस्लियनच्याच पंक्तीला बसून त्यांच्याशी खेळतंय. फुटबॉल मात्र त्यांच्याकडे नाही.

तिसरी गोष्ट हॅमिल्टनची. हे पहिल्या दिवसापासून मेंबर आहे, पण लांब असल्यामुळे कितीतरी खेळ जवळच्या लिबर्टी लीगमध्ये खेळायचं, २०११ पासून सगळे खेळ इथे. आपल्याकडे नाही का, घर एका गावात आणि शेत दुसऱ्या.

याशिवाय अकरात छोटे कंपू आहेत. ॲमर्स्ट-विल्यम्स-वेस्लियन म्हणजे लिटल थ्री. कोल्बी-बेट्स-बोडन म्हणजे मेनवाल्यांचं त्रिकूट. कॉन्फरन्सचं टायटल गेलं तरी चालेल पण या आतल्या मॅच हरायच्या नाहीत असं असतं.

पायरी ५ : नियम, आणि ते असे का

सगळ्यात वर कॉलेजांचे अध्यक्ष बसलेत, कोच नाहीत. खेळासाठी स्कॉलरशिप नाही हे झालंच. पण डिव्हिजन थ्री जे करू देतं त्यातलंही बरंच नेस्कॅक करू देत नाही. बास्केटबॉलसारख्या हिवाळी खेळांची प्रॅक्टिस वर्षानुवर्षं १ नोव्हेंबरलाच सुरू होते, बाहेरची कॉलेजं त्याच्या पंधरवडाभर आधीच कोर्टवर उतरलेली असतात. फुटबॉल बघा, दहा टीम, २०१६ पर्यंत प्रत्येकी आठच मॅच, म्हणजे एका टीमशी गाठच पडायची नाही आणि तरी विजेता ठरायचा. आता नऊ मॅच, प्रत्येक जण प्रत्येकाशी एकदा. आणि सीझन संपला की कितीतरी दशकं फुटबॉलची विजेती टीम राष्ट्रीय प्लेऑफला न जाता थेट घरी, नोव्हेंबरच्या मध्यावर सामान आवरून लायब्ररीत.

मार्च २०२० मध्ये कोविडची बातमी वाढत होती तेव्हा नेस्कॅकने १० तारखेलाच अख्खा स्प्रिंग सीझन रद्द केला, एनसीएएने तेच दोन दिवसांनी केलं. शेवटच्या वर्षाची पोरं रडली, पालक चिडले, पण ज्या गटाची सवयच थांबण्याची त्याला हे लवकर सुचलं यात मला नवल वाटलं नाही.

आता याचा अर्थ खेळ यथातथाच असं समजू नका. टफ्ट्सची पुरुषांची सॉकर टीम २०१४, २०१६, २०१८, २०१९ अशी चार वेळा राष्ट्रीय विजेती. ॲमर्स्टच्या मुलींनी बास्केटबॉलचं टायटल २०१७ आणि २०१८ लागोपाठ नेलं. मिडलबरीच्या मुलींची फील्ड हॉकी तर विचारूच नका, २०१७ पासून जवळपास त्यांचीच मक्तेदारी झालीये. (इथे नुसतं हॉकी म्हटलं की बर्फावरची. आपली हॉकी म्हणजे फील्ड हॉकी, आणि ती कॉलेजात फक्त मुली खेळतात. मी पहिल्यांदा ध्यानचंदांबद्दल सांगायला लागलो तर समोरच्याला कळेचना की पुरुष कशाला खेळतील हे.)

आणि ट्रिनिटीचं स्क्वॉश. स्क्वॉशमध्ये डिव्हिजन वन-थ्री असं काही नसतं, येल-हार्वर्डपासून सगळे एकाच स्पर्धेत. त्यात या छोट्या कॉलेजने १९९८ पासून जानेवारी २०१२ पर्यंत सलग २५२ सामने जिंकले, शेवटी येलने ५-४ ने थांबवलं. कोच पॉल असियांते जगभरातून पोरं आणायचे, त्यात आपलीही भरपूर, मुंबईचा विक्रम मल्होत्रा ट्रिनिटीचाच. हे बघितलं की कळतं आवर घालणं म्हणजे हात बांधणं नाही.

पायरी ६ : सीझन आणि टेबल कसं वाचायचं

वर्षाचे तीन तुकडे. सप्टेंबर ते नोव्हेंबर फुटबॉल, सॉकर, फील्ड हॉकी, क्रॉस कंट्री. थंडीत बास्केटबॉल, आइस हॉकी, स्विमिंग, स्क्वॉश. बर्फ वितळला की बेसबॉल, लॅक्रोस, टेनिस, मैदानी ॲथलेटिक्स.

टेबलमध्ये दोन आकडे दिसतील, एक कॉन्फरन्समधल्या मॅचचा आणि एक एकूण. नवीन माणूस एकूण बघतो आणि फसतो, बघायचा तो पहिला. बास्केटबॉलमध्ये बाकीच्या दहांशी एकेकदा खेळायचं, तेही शक्यतो शुक्रवार-शनिवार जोडून, हॅमिल्टन-कोल्बी अंतर आठवा, म्हणजे एका फेरीत दोन मॅच उरकायच्या आणि रविवारी परत अभ्यासाला. मग वरच्या टीमची बाद फेरी, टेबलात वर असलेल्याच्या मैदानावर. ती जिंकणाऱ्याला राष्ट्रीय स्पर्धेचं थेट तिकीट. बाकीच्यांपैकी एखाद-दोन टीमना समिती रेकॉर्ड बघून बोलावते.

पायरी ७ : पोराला किंवा पोरीला इथे खेळायचं असेल तर

कोचला मेल स्वतः पोराने लिहायचं, बाबांनी नाही आणि कन्सल्टंटने तर अजिबात नाही, त्यांना पहिल्या ओळीत कळतं. मेल छोटं, त्यात खरे आकडे : स्विमिंग-धावण्याची वेळ, टेनिसचं यूटीआर रेटिंग, आणि व्हिडिओची लिंक. व्हिडिओत संगीत-बिंगीत टाकू नका, आमच्या भाच्याने सिनेमाचं गाणं टाकलं होतं, नशीब पाठवायच्या आधी मी बघितलं. सलग दोन गेम दाखवा, हरलेला पॉइंट कापू नका.

कोचला आवडलं तर अकरावीनंतरच्या उन्हाळ्यात तो मार्कशीट मागतो आणि ॲडमिशन ऑफिसला दाखवतो, याला प्री-रीड म्हणतात. इथे महाराष्ट्रातली पोरं मार खातात. आपल्याकडे दहावीला जीव काढायचा, बारावीला जीव काढायचा आणि मधली अकरावी म्हणजे रेस्ट इयर, अशी घरोघरी समजूत. इथे नववीपासूनचं सगळं बघतात आणि प्री-रीडच्या वेळी हातात सगळ्यात ताजी असते ती नेमकी अकरावीच. भाच्याच्या अकरावीच्या मार्कशीटवर फिजिक्सला जे होतं ते इथे लिहित नाही, ताई वाचते हे.

प्री-रीड बरं आलं तर कोच म्हणतो मी तुला सपोर्ट करीन, बहुतेक वेळा मग नोव्हेंबरमध्ये अर्ली डिसिजनने अर्ज करायचा, म्हणजे मिळालं तर यायचंच असा शब्द. इथे दोन गोष्टी तोंडावर विचारा, अजिबात लाजू नका : "माझ्या प्रोफाइलच्या किती पोरांना तुम्ही सपोर्ट केला आणि त्यातली किती आत आली?" आणि "पैशाचं काय?" कोचचा सपोर्ट म्हणजे प्रवेश नाही, शेवटची सही ॲडमिशनवाल्यांची.

पैसे खेळाचे नाहीत, घरच्या परिस्थितीनुसार मिळतात. ॲमर्स्ट आणि बोडन परदेशी मुलांच्या बाबतीतही प्रवेश ठरवताना ऐपत बघत नाहीत, ॲमर्स्ट २००८ पासून आणि बोडन २०२२ पासून. सगळीकडे तसं नाही, काही ठिकाणी तुम्ही मदत मागताय हे प्रवेशाच्या वेळी मोजलं जातं, त्यामुळे अर्ली डिसिजनचा शब्द देण्याआधी आकडा कागदावर घ्या. एक फायदा मात्र आहे जो कन्सल्टंट सांगत नाहीत कारण त्यांनाच माहीत नसतो : खेळाची स्कॉलरशिपच नसल्यामुळे गुडघा गेला किंवा कंटाळून टीम सोडली तरी मदत तशीच राहते. ताईला हे सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा शांत झाली.

पायरी ८ : एक तरी मॅच जाऊन बघा

बहुतेक मॅचना तिकीट नसतं, गाडी लावायची आणि जायचं. ऑक्टोबरनंतर जाड जॅकेट आणि खाली घालायला काहीतरी, ॲल्युमिनियमच्या बाकड्यावर दहा मिनिटांत खालून थंडी चढते. थर्मासमध्ये चहा, डब्यात भडंग, मी सरळ घेऊन जातो, शेजारचे मागून खातात.

टफ्ट्सला गेलात तर जम्बोची गोष्ट माहीत असू द्या. सर्कसवाला पी. टी. बार्नम या कॉलेजचा विश्वस्त, त्याचा जम्बो हत्ती १८८५ मध्ये रेल्वेच्या धडकेने मेला तेव्हा त्याचं कातडं भरून कॉलेजला दिलं. १९७५ मध्ये ती इमारत जळली. कोणीतरी राखेतली थोडी पीनट बटरच्या बरणीत भरून आणली आणि ती बरणी खेळांच्या डायरेक्टरच्या ऑफिसात ठेवली, खेळाडू मॅचआधी तिला हात लावून जातात. आपण मॅचला निघताना देवापुढे अंगारा लावतो, वेगळं काय.

आणि एखाद्या वर्षी ॲमर्स्ट-विल्यम्स फुटबॉल गाठा, नोव्हेंबरमध्ये, सीझनच्या शेवटच्या शनिवारी असते, कधी इकडे कधी तिकडे. पण जाताना एक लक्षात ठेवा, दोन्ही कॉलेजांचा रंग जांभळाच आहे. ॲमर्स्टचा प्राणी मॅमथ, २०१७ पासून, त्याआधी लॉर्ड जेफ होता पण तो जेफ्री ॲमर्स्ट नावाचा ब्रिटिश सेनापती मूळ रहिवाशांत देवीची साथ पसरवायच्या बाजूचा निघाला म्हणून काढला. विल्यम्सची गाय, तीही जांभळी. मला हे काही माहीत नव्हतं. मी ॲमर्स्टच्या बाजूने ओरडायचं ठरवून गेलो, जांभळा घोळका दिसला तिथे जाऊन बसलो, शेजारच्या आजींनी मी कुडकुडतोय बघून पायावर एक जांभळं ब्लँकेट टाकलं, मी थँक्यू म्हटलं आणि हाफटाइमपर्यंत चुकीच्या टचडाउनना गप्प बसून राहिलो. मग चहा सांडला, ब्लँकेट झटकायला उचललं आणि मधोमध ही एवढी मोठी गाय.